जुने खिशातले सूर्यघड्याळ: अस्सल की नक्कल, आणि ते वेळ चुकीची का दाखवते?

प्रश्न: सावलीवेडा

सर्व जाणकारांना नमस्कार. माझे थोरले मामा गेल्यानंतर त्यांच्या टाक-दौतीच्या पेटीतून पितळेचे एक लहानसे सूर्यघड्याळ माझ्या वाट्याला आले आहे. अष्टकोनी, किंचित लांबट अशी ही तबकडी साडेसात सेंटिमीटर लांब असून तळहातावर सहज मावते. तिच्या एका टोकाला काचेखाली छोटे होकायंत्र बसवलेले आहे. मध्यभागी बिजागरीवर उभा राहणारा आणि निजवला की तबकडीला चिकटून सपाट होणारा त्रिकोणी शंकू, म्हणजे ज्याची सावली वेळ दाखवते तो त्रिकोणी पत्रा आहे, आणि त्या शंकूला टेकून एक पक्षी उभा आहे. पक्ष्याची चोच शंकूवर कोरलेल्या ४० ते ६० अंशांच्या मापपट्टीवर फिरते. तबकडीवर तासांच्या रेषांचे एकात एक असे चार पट्टे असून त्यांच्या कडेला ४३, ४६, ४९ आणि ५२ असे आकडे आहेत. पालथ्या बाजूला युरोपातील वीसपंचवीस शहरांची नावे आणि त्यांचे अक्षांश कोरलेले आहेत. पॅरिसपुढे ४९, रोमपुढे ४२. होकायंत्राजवळ रोमन लिपीत ‘बटरफिल्ड, पॅरिस’ अशी अक्षरे आहेत.

जुन्या वस्तूंची पारख असलेल्या एका गृहस्थांना मी हे दाखवले, तेव्हा त्यांनी ते हातातही न घेता ‘ही शोभेची नक्कल आहे, असली शेकड्याने मिळतात’ असे सांगून मला वाटेला लावले. तेही कदाचित खरे असेल. पण मामा वस्तू पारखून घेणारे होते, त्यामुळे मन मानत नाही. दुसरा प्रश्न असा की, होकायंत्राने उत्तर धरून आणि चोच ४३ वर ठेवून मी ते उन्हात मांडले, तर सकाळी नऊच्या सुमारास ते मनगटी घड्याळापेक्षा पाऊण तास मागे पडले आणि दुपारी बारानंतर फरकाचे मान निराळेच झाले. माझ्या इथला अक्षांश चाळिसाच्या बराच खाली आहे, एवढे मला कळते. हे यंत्र मुळात बिघडलेले आहे, की माझी मांडणी चुकते आहे? आणि त्यावरचा काळपट थर काढावा का?

उत्तर १: अक्षांश

सावलीवेडा, आपण वर्णन केलेल्या घडणीला ‘बटरफिल्ड पद्धतीचे सूर्यघड्याळ’ म्हणतात. मायकेल बटरफिल्ड हा मूळचा इंग्रज यंत्रकार पॅरिसमध्ये स्थायिक झाला आणि १७२४ मध्ये वारला. ही घडण त्याच्या नावाने ओळखली जात असली तरी ती त्याची एकट्याची नव्हे. निकोला बियाँ, ल मेअर, शापोतो अशा पॅरिसमधल्या इतरही यंत्रकारांनी तशीच घड्याळे केली, आणि खपणारे नाव म्हणून ‘बटरफिल्ड’ ही सही इतरांच्या कामावरही पडत राहिली. म्हणून सही पाहून निर्णय करू नका. ती असली म्हणजे अस्सल नव्हे आणि नसली म्हणजे नक्कल नव्हे.

आधी वेळेचे पाहू. सूर्यघड्याळ दाखवते ती स्थानिक सूर्यवेळ. आपल्या मनगटावरची वेळ ठरलेल्या एका रेखावृत्ताची आहे, तेव्हा त्या रेखावृत्तापासून आपण जितके अंश पूर्वेला किंवा पश्चिमेला असाल तितक्या अंशांमागे ४ मिनिटे जमा-वजा करावी लागतात. शिवाय पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला असल्यामुळे खरा सूर्य वर्षभर एकसारखा चालत नाही. नोव्हेंबरच्या आरंभी सूर्यघड्याळ सुमारे १६ मिनिटे पुढे असते, तर फेब्रुवारीच्या मध्याच्या आसपास सुमारे १४ मिनिटे मागे. या दोन्ही दुरुस्त्या दिवसभर सारख्याच राहतात. आपला फरक सकाळी एक आणि दुपारी दुसरा येतो, याचा अर्थ मूळ कारण तिसरेच आहे, आणि ते अक्षांशाचे आहे.

अशा घड्याळात शंकूची तिरपी कड पृथ्वीच्या अक्षाला समांतर असली पाहिजे, म्हणजेच क्षितिजाशी तिचा कोन आपल्या अक्षांशाइतका झाला पाहिजे. आपल्या यंत्राचा शंकू ४० च्या खाली उतरतच नाही. उपाय सोपा आहे. समजा आपला अक्षांश २० आहे. चोच ४३ वर ठेवा, ४३ चाच पट्टा वाचायचा हे ठरवा, आणि दक्षिणेकडची कड उचलून संपूर्ण तबकडी २३ अंशांनी उत्तरेकडे उतरती करा. शंकूची कड पुन्हा ध्रुवाकडे रोखली जाईल आणि तबकडीला आपण ४३ अक्षांशावर आहोत असेच ‘वाटेल’. मात्र कललेल्या तबकडीत चुंबकसुई काचेला किंवा तळाला घासून अडकते, म्हणून उत्तर-दक्षिण रेषा आधी जमिनीवर आखून घ्या आणि मग त्या रेषेवर कलती फळी मांडा.

आता अस्सल-नकलेचे. माझ्या मते या घड्याळांचे कौशल्य चकाकीत किंवा पक्ष्याच्या पिसांत नसून तासांच्या रेषांच्या वाटणीत आहे, आणि ती वाटणी आपण कोनमापकाने घरी तपासू शकता. आडव्या तबकडीवर तासांच्या रेषा सारख्या अंतरावर नसतात. मध्यान्हरेषेपासून, म्हणजे बाराच्या रेषेपासून, एखाद्या तासाच्या रेषेचा कोन काढायचा, तर अक्षांशाचा साइन घेऊन त्याला तासागणिक १५ अंश धरून येणाऱ्या कोनाच्या टॅन्जंटने गुणायचे. जो गुणाकार येईल तो हव्या असलेल्या कोनाचा टॅन्जंट. ४९ च्या पट्ट्यासाठी एकची रेषा ११.४ अंशांवर, दोनची २३.५ वर, तीनची ३७ वर, चारची ५२.६ वर, पाचची ७०.५ वर आणि सहाची बरोबर ९० वर पडली पाहिजे. म्हणजे मध्यान्हाजवळ तास साडेअकरा अंशांचा आणि संध्याकाळी साडेएकोणीस अंशांचा. ४३ च्या पट्ट्यात तीनची रेषा ३४.३ वर येते, ५२ च्या पट्ट्यात ३८.२ वर. शोभेची वस्तू करणारा कारागीर बहुधा हे चार पट्टे नुसते एकाच केंद्रातून किरण काढल्यासारखे सरळ ओढतो. खऱ्या तबकडीत तासाची रेषा एका पट्ट्यातून दुसऱ्यात जाताना हलकेच सरकते. ती सरक आहे का, एवढे आधी डोळ्यांनी पाहा.

आणखी एक खूण. ४९ अक्षांशावर उन्हाळ्यातला सर्वांत मोठा दिवस सोळा तासांहून अधिक असतो, तेव्हा पहाटे चार ते रात्री आठ एवढे तास तबकडीवर असलेच पाहिजेत. सहा ते सहा एवढेच असतील तर करणाऱ्याला ते घड्याळ वापरायचे नव्हते, विकायचे होते.

उत्तर २: कोरणी

मी व्यवसायाने धातूवर कोरीवकाम करतो, म्हणून थोडा विरोध नोंदवतो. ‘अक्षांश’ यांची कसोटी आळशी नक्कल पकडेल, पण हुशार नक्कल तिच्यातून सहीसलामत सुटेल. अस्सल तबकडीचा साचा घेऊन मेणाच्या पद्धतीने पितळ ओतले, तर धातू निवताना शेकडा दीडच्या आसपास आक्रसतो, परंतु तो सगळीकडून सारखा आक्रसत असल्यामुळे कोन जसेच्या तसे राहतात. अशा प्रतीत तीनची रेषा ३७ अंशांवरच मिळेल आणि आपण समाधानाने फसाल.

त्यामुळे कोनमापक बाजूला ठेवून दहापट मोठे दिसणारे भिंग घ्या, आणि दिवा तबकडीच्या कडेने अगदी आडवा धरा. कोरणीने काढलेली रेषा म्हणजे धातूतून काढलेली चिपी असते. तिचा छेद इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा, दोन्ही भिंती गुळगुळीत आणि झळझळीत. सुरुवातीला ती सुईच्या टोकासारखी निमुळती असते आणि जिथे हात थांबला तिथे चिपी तोडल्याची बारीकशी खोच दिसते. कोरणी घसरली असेल तर रेषेच्या पुढे केसाएवढी ओरखड उमटते, आणि खऱ्या कामात अशा एकदोन ओरखड्या हमखास सापडतात. उलट ओतीव प्रतीत रेषेच्या कडा लोण्यात काढल्यासारख्या गोलसर असतात, तळ खरखरीत असतो आणि कोपऱ्यांत टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसतात. आम्लाने खाऊन काढलेल्या रेषेचा तळ सपाट आणि भिंती खडबडीत असतात. हा भेद एकदा डोळ्यांत बसला की पुन्हा विसरत नाही.

आकडे निराळे पाहा. रोमन आकड्यांच्या उभ्या रेघा बहुतेक कोरणीच्या असतात, पण शहरांची नावे आणि लहान आकडे कित्येकदा पोलादी ठशांनी ठोकलेले असतात. ठशाचे अक्षर धातू काढत नाही, दाबते, म्हणून त्याच्या कडेने बारीक उंचवटा राहतो आणि एकच अक्षर दहा ठिकाणी तंतोतंत सारखे येते, एखाद्या ठशाची शेपटी तुटलेली असेल तर ती दहाही ठिकाणी तुटलेली. हाताने कोरलेले ‘ए’ दोनदा सारखे येत नाही.

सर्वांत मौल्यवान खूण मात्र रेषांची नव्हे, रेषांच्या आधीच्या रेषांची. कारागीर प्रत्येक कोनाचा टॅन्जंट मांडत बसत नसे. तो हे काम कंपास आणि पट्टीने करी. शंकूच्या मुळापासून मध्यान्हरेषेवर ठरावीक अंतर घ्यायचे, त्या अंतराला अक्षांशाच्या साइनने लहान करून तेवढ्या त्रिज्येचे वर्तुळ पलीकडच्या बाजूने काढायचे, त्याचे पंधरा-पंधरा अंशांचे भाग पाडून ते एका आडव्या स्पर्शरेषेवर उतरवायचे, आणि तिथून मुळाशी रेषा जोडायच्या. हे चार अक्षांशांसाठी चारदा. या आखणीच्या अतिसूक्ष्म खुणा, कंपासच्या टोकाचे टिंब आणि पट्ट्यांच्या कडा ठरवणाऱ्या फिकट रेघा घासूनपुसूनही पूर्ण जात नाहीत. आडव्या उजेडात मध्यान्हरेषेवर असे टिंब सापडले आणि त्याला लागून कोळ्याच्या धाग्याएवढी वर्तुळाची कड दिसली, तर मी सहीकडे पाहणारही नाही.

तबकडीची जाडीही मोजा. जुना पत्रा हातोडीने ठोकून पातळ केलेला आणि मग खरवडून सपाट केलेला असे, त्यामुळे चार कोपऱ्यांत जाडी दशांश-दोन दशांश मिलिमीटरने हमखास वेगळी भरते. लाटून काढलेला आधुनिक पत्रा सगळीकडे एकजाडीचा असतो. अगदीच खात्री हवी असेल तर क्ष-किरणांनी धातूचे पृथक्करण करून घ्यावे, त्याने वस्तूला ओरखडाही पडत नाही. जस्ताचे खनिज तांब्याबरोबर बंद मुशीत तापवून केलेल्या जुन्या पितळेत जस्ताचे प्रमाण साधारण ३० टक्क्यांच्या आसपास अडते आणि सोबत शिसे, लोह अशी भेसळ असते. आजच्या बाजारी पितळेत ते ३७ ते ४० टक्के सहज असते.

उत्तर ३: झळाळी

माझ्या मते आधी पितळ चकाकवण्याच्या द्रवाने स्वच्छ करावे, म्हणजे कोरीवकाम नीट दिसेल आणि सगळ्याच शंका फिटतील.

उत्तर ४: कोरणी

कृपया असे काही करू नये. त्या द्रवांत बारीक घासणारी भुकटी असते, आणि आपण ज्या आखणीच्या खुणा शोधणार आहोत त्यांची खोली मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढीही नसते. दोनदा चोळले की पुरावाच पुसला जातो. वर रेषांत पांढरी पूड अडकून बसते ती निराळीच. त्यांतल्या काहींत अमोनिया असतो, आणि ठोकून ताणात राहिलेल्या पितळेला अमोनियाने तडे जातात, विशेषतः बिजागरीच्या पातळ पाळ्यांना. मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ झटकावी, हाताचे तेलकट डाग असतील तर मऊ कापडाला किंचित मद्यार्क लावून टिपावे, काचेच्या कडेपासून मात्र दूर राहावे. काळपट थर तसाच राहू द्यावा.

उत्तर ५: दिक्सूचक

होकायंत्राकडे कोणी पाहिले नाही म्हणून लिहितो. सावलीवेडा, काचेखालच्या वाटीच्या तळाशी उत्तर-दक्षिण रेषेखेरीज आणखी एखादी तिरपी रेषा किंवा बाण कोरलेला आहे का? असल्यास मध्यान्हरेषेपासून तिचा कोन मोजा. चुंबकसुई खऱ्या उत्तरेकडे रोखत नाही, आणि तिचे विचलन शतकानुशतके बदलत असते. लंडनमध्ये १५८० च्या सुमारास सुई खऱ्या उत्तरेच्या सुमारे ११ अंश पूर्वेला होती, सतराव्या शतकाच्या मध्याला ती खऱ्या उत्तरेवर आली आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी २४ अंशांच्या आसपास पश्चिमेला गेली. पॅरिसमध्ये १६६६ च्या सुमारास विचलन शून्य होते, १७०० मध्ये सुमारे ८ अंश पश्चिम आणि १८१४ च्या सुमारास साडेबावीस अंश. यंत्रकार त्या वेळचे विचलन वाटीत कोरून ठेवत असे, म्हणून ती तिरपी रेषा म्हणजे न लिहिलेली तारीखच म्हणा ना! दहा अंश निघाले तर अठराव्या शतकाचा आरंभ. अर्थात एखादा कारागीर गुरूच्या जुन्या नमुन्यावरून वीस वर्षे तीच रेषा ओढत राहिला असेल, हेही ध्यानात ठेवावे.

याच होकायंत्रामुळे या घराण्याच्या सर्व यंत्रांत एक दुबळेपणा आहे. जर्मनीतील न्यूरेंबर्गच्या कारागिरांनी सोळाव्या-सतराव्या शतकांत केलेली हस्तिदंती घड्याळे पाहिलीत, तर पुस्तकासारख्या दोन पानांच्या मधोमध ताणलेला दोरा हाच शंकू, आणि खालच्या पानात होकायंत्र. त्यांवर टुखर घराण्याचा साप, राइनमान यांचा मुकुट, ट्रोशेल यांचा पक्षी अशा मुद्रा असतात, आणि काळ्या-तांबड्या रंगांनी भरलेल्या रेषा आजही ताज्या दिसतात. सौंदर्यात त्यांना तोड नाही. पण सुई अडकली की सगळे अडले. तो प्रश्न सोडवला तो इंग्रज गणिती विल्यम ऑट्रेड यांच्या कड्यांच्या घड्याळाने. एकात एक फिरणारी दोन कडी, मध्ये तारखेवर सरकणारी छिद्राची पट्टी. वरच्या कडीला धरून लोंबकळवायचे आणि छिद्रातून आलेला प्रकाशाचा ठिपका आतल्या कड्यावरच्या मध्यरेषेवर पडेपर्यंत फिरवायचे. ठिपका जागेवर आला की वेळही कळते आणि उत्तरही. होकायंत्राची गरजच नाही. त्याचाही एक दोष आहे: ऐन मध्यान्ही बाहेरच्या कड्याचीच सावली आड येते आणि यंत्र आंधळे होते.

सूर्याच्या उंचीवरून वेळ काढणारी यंत्रे त्याहून जुनी. इटलीतील हर्क्युलेनियम येथे १७५५ मध्ये सापडलेले, डुकराच्या खारवलेल्या मांडीच्या आकाराचे काशाचे रोमन घड्याळ याच जातीचे. महिन्यांच्या उभ्या रकान्यांवर शेपटीच्या टोकाची सावली पाडायची. आपल्याकडे ‘ग्रहलाघव’ हा ज्योतिषगणिताचा ग्रंथ लिहिणाऱ्या गणेश दैवज्ञांनी ज्यावर स्वतंत्र रचना केली ते प्रतोदयंत्रही तेच तत्त्व सांगते. प्रतोद म्हणजे चाबूक. चाबकाच्या दांड्यावर महिन्यांच्या रेषा, वरच्या भोकात आडवी खोवलेली काडी, आणि दांडा उभा धरला की काडीची सावली किती खाली उतरली त्यावरून घटका. हातातल्या चाबकातच घड्याळ सामावणारी ही कल्पना मला पॅरिसच्या पक्ष्यापेक्षा अधिक आवडते, हे कबूल करतो. परंतु अशा यंत्रांत सकाळ-दुपार ओळखता येत नाही आणि मध्यान्हाजवळ सावली जवळपास हलतच नाही.

सावलीवेडा

सर्वांचे मनापासून आभार. गेले तीन आठवडे मी याच उद्योगात होतो. पॉलिश केलेले नाही.

रेषांचे कोन मी तबकडीचे वरून सरळ छायाचित्र काढून ते मोठे करून मोजले. ४९ च्या पट्ट्यात एक ते पाचच्या रेषा अनुक्रमे ११.५, २३.५, ३७, ५२.५ आणि ७०.५ अंशांवर आल्या. ४३ च्या पट्ट्यात तीनची रेषा ३४.५ वर. पट्ट्यापट्ट्यांतून रेषा सरकतात. तास पहाटे चार ते रात्री आठ असे आहेत. भिंगाखाली आठच्या आकड्याजवळ रेषा ओलांडून गेलेली ओरखड दिसली, आणि ज्या संध्याकाळी मध्यान्हरेषेवर ते टिंब आणि त्याला लागून वर्तुळाचा तुकडा सापडला, त्या संध्याकाळी मी एकटाच मोठ्याने हसलो. कोपऱ्यांतली जाडी १.३ ते १.५ मिलिमीटर आहे. होकायंत्राच्या वाटीत तिरपी रेषा आहे, मध्यान्हरेषेच्या पश्चिमेला साधारण १० अंश.

मग कलत्या फळीवर प्रयोग केला. तबकडी अचूक दिसत होती म्हणून मी सर्वांत नीट वाचता येणारा ४९ चा पट्टा निवडला, चोच ४९ वर ठेवली आणि फळीचा उतार त्याप्रमाणे धरला. उत्तर-दक्षिण रेषा मी चुंबकाने न घेता, सकाळ-दुपारी सारख्या लांबीच्या सावल्या घेऊन आखली. रेखांशाची आणि सूर्याच्या चालीची दुरुस्ती करूनही थोडा फरक उरतोच: ऐन मध्यान्ही तो जवळपास शून्य, सकाळी नऊला यंत्र आठनऊ मिनिटे पुढे आणि दुपारी तीनला तितकेच मागे. सध्या दिवस सर्वांत मोठे आहेत. पाऊण तासावरून इथवर आलो हे खरे, पण इतक्या काटेकोर रेषा काढणाऱ्याकडून नऊ मिनिटांची चूक व्हावी हे पटत नाही.

अक्षांश

आधी ‘कोरणी’ यांचे म्हणणे मान्य करतो. माझी कसोटी अपुरी होती आणि त्यांच्या टिंबाने निकाल दिला.

आपले निरीक्षण फार उपयोगी आहे, कारण चूक कोणत्या बाजूला झुकते यावरून ती कुठे आहे हे ठरते. उत्तर-दक्षिण रेषा चुकली असती तर यंत्र सकाळी आणि दुपारी दोन्ही वेळा एकाच बाजूला चुकले असते, म्हणजे दोन्हीकडे पुढे किंवा दोन्हीकडे मागे, आणि मध्यान्हीही चुकले असते. सकाळी पुढे, दुपारी मागे आणि मध्यान्ही बरोबर, हे शंकू हवा त्यापेक्षा निजलेला असल्याचे लक्षण आहे. मी गणित करून पाहिले. ४९ च्या तबकडीवर शंकू ४६ अंशांवर उभा असेल, तर तीन वाजता यंत्र सर्वांत मोठ्या दिवसांत सुमारे ९ मिनिटे, विषुवदिनी ५ ते ६ मिनिटे आणि सर्वांत लहान दिवसांत जेमतेम २ मिनिटे मागे पडते. आपला फरक पहिल्या आकड्याशी जुळतो. जाड पुठ्ठ्याचा बरोबर ४९ अंशांचा त्रिकोण कापून शंकूच्या कडेला लावून पाहा; चोच काय सांगते तिकडे लक्ष देऊ नका.

काटेकोरपणाविषयी मात्र एक सांगतो. तासरेषा शंकूच्या मुळापासून २५ मिलिमीटरवर वाचत असाल, तर मध्यान्हाजवळ एक दशांश मिलिमीटरची चूक म्हणजे सव्वा मिनिट. सूर्यबिंब स्वतः अर्ध्या अंशाचे, म्हणजे २ मिनिटांच्या चालीएवढे रुंद असल्यामुळे सावलीची कडही तितकीच धूसर असते. पट्टे तीन-तीन अंशांच्या अंतराने ठेवण्यातही हाच हिशोब आहे: साडेसत्तेचाळीस अक्षांशावर उभे राहून शंकू अचूक लावला आणि ४९ चा पट्टा वाचला, तर तीन वाजता चूक तीन मिनिटांच्या आत राहते. पाचवा पट्टा कोरून लहानशी तबकडी गजबजवण्यात काही लाभ नव्हता, आणि हे त्या कारागिराला पक्के ठाऊक होते.

सावलीवेडा

त्रिकोण लावून पाहिला. चोच ४९ वर असताना शंकूखाली फट राहते. शंकू ४६ अंशांवर आहे. ५२ वर ठेवली तर ४९ चा त्रिकोण तंतोतंत बसतो, आणि ४६ वर ठेवली तर ४३ चा. पक्ष्याचे पितळ तबकडीपेक्षा किंचित पिवळे दिसते आणि त्याची खीळ गुळगुळीत, नवी वाटते.

कोरणी

पक्षी मागाहून बसवला आहे, बहुधा मूळचा तुटल्यावर. बसवणाऱ्याने पिसे चांगली कोरली असतील, पण चोच कुठे रोखली पाहिजे हे त्याने तपासले नाही. चोच वाकवून ‘दुरुस्त’ करू नका. जुळवणीचे ते पितळ ठिसूळ असेल तर मोडेल. खीळही काढू नका. फरक सगळीकडे तीन अंशांचाच आहे, तेव्हा एका चिठ्ठीवर ‘चोचीच्या आकड्यातून ३ वजा’ असे लिहून ती पेटीत ठेवा.

सावलीवेडा

चिठ्ठी ठेवली आहे. आज चोच ५२ वर ठेवून ४९ चा पट्टा वाचला. सकाळी नऊला आणि दुपारी तीनला फरक दोन मिनिटांच्या आत आला, आणि त्याहून बारीक वाचायला सावलीची कड स्थिर दिसत नव्हती.